वाढदिवसासाठी कागद-पुठ्ठ्याचं जंगल: खवले मांजर, शेकरू, बिबट्या आणि बाकीची मंडळी

वाढदिवसाला जंगल थीम करायची असं ठरवून मार्केटमध्ये गेलं की मिळतं काय, तर जिराफ, झेब्रा आणि पाणघोडा, फॉइलच्या फुग्यावर नाहीतर प्लास्टिकच्या बॅनरवर छापलेले. छान दिसतात, नाही असं नाही. पण आपल्या भीमाशंकरला शेकरू आहे, कोकणात खवले मांजर आहे, जुन्नरच्या उसात बिबट्या आहे, आणि हे प्राणी कागदाचे करायला जिराफापेक्षा कितीतरी मजा येते. म्हणून इथे सगळं आपल्याच जंगलातलं घेतलंय. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांची पार्टी आणि दहा बाय बाराचा हॉल धरून सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. प्राणी ओळखू येतो तो एका खुणेवर. शेकरूची शेपटी, बिबट्याचे ठिपके, खवले मांजराचे खवले, हत्तीची सोंड आणि कपाळ. ती एक खूण मोठी करा, मन लावून करा आणि बाकीचं अंग अगदी साधं ठेवा. डोळे-नाक-ओठ करत बसलं की सगळे प्राणी एकसारखे कार्टून दिसायला लागतात, आणि ज्यांना "मला चित्र येत नाही" असं वाटतं ते तिथेच हात टेकतात. खूण करायला चित्रकला लागत नाही, हाताला थोडा पेशन्स लागतो एवढंच.

सामान फार नाही. मोठ्या खोक्याचा पुठ्ठा (फ्रीज नाहीतर वॉशिंग मशीनचं खोकं मिळालं तर सोनंच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारलं तर बरेचदा देतात), ए-फोर कार्डशीट तपकिरी, पिवळ्या आणि काळ्या रंगात, क्रेप पेपर, रद्दी, पोस्टर कलर, फेविकॉल, सुतळी, मास्किंग टेप, थोडा तंगूस (मासेमारीचा पारदर्शक नायलॉन धागा) आणि नवीन पातं घातलेला कटर. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, एका फेरीत सगळं होतं. थर्माकोल आणू नका. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे आणि बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं, त्याचे पांढरे कण घरभर उडतात आणि लहान भावंडं ते तोंडात घालतात.

आता सगळ्यात मस्त भाग, खाऊचं खवले मांजर.

पार्टीत तो मोठा फुगा फोडतात ना, आत चॉकलेटं आणि चमकी भरलेला, त्याच्या जागी हे करायचं. खवले मांजराला धोका वाटला की ते स्वतःला गुंडाळून गोल चेंडू करतं, तोंड पोटाशी आणि वरून शेपटी. म्हणजे आपल्याला पाय नकोत, मान नको, काही नको, नुसता गोल पाहिजे, आणि गोल करायला फुग्यासारखी सोपी वस्तू नाही. एक साधा १२ इंची फुगा फुगवा, पूर्ण ताणू नका, साधारण २५ सेंटिमीटर व्यासाचा झाला की गाठ मारा आणि एखाद्या वाडग्यावर ठेवा म्हणजे लोळणार नाही.

त्याच्यासाठी खळ करून घ्यायची. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, दुसरीकडे चार वाट्या पाणी उकळत ठेवा, उकळी फुटली की गॅस बारीक करून त्यात हे मिश्रण ओता आणि ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन जरा पारदर्शक आणि दाट झालं की झाली खळ. एक चमचा मीठ घाला, बुरशी जरा उशिरा धरते. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे कीड लागू नये म्हणून, पण ते विषारी असतं, मुलांचे हात लागणाऱ्या वस्तूत अजिबात घालायचं नाही. ही खळ दोन दिवस टिकते, पावसाळ्यात तेवढीही नाही, वास यायला लागला की टाकून नवीन करा.

रद्दीच्या पट्ट्या कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाडलेल्या कडेला कागदाचे धागे मोकळे राहतात आणि ते एकमेकांत बसतात, कापलेली कड मात्र वर उठून राहते. तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, आणि हे काम पूर्ण मुलांना द्या, पेपर फाडायला घरात परवानगी मिळतेय म्हटल्यावर ती जीव तोडून फाडतात. पट्टी खळीत बुडवून दोन बोटांत निथळून फुग्यावर चिकटवत जा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढली पाहिजे. गाठीभोवती रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी सोडा. एक थर नेहमीच्या पेपरचा, दुसरा ब्राऊन पेपरचा, परत पेपरचा, असं केलं की कुठे थर लागला आणि कुठे राहिला ते रंगावरून लगेच कळतं. चार थर पुरे. पण प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा लावू नका, उन्हाळ्यात पंख्याखाली चार-पाच तासात वाळतो, जुलै-ऑगस्टचा वाढदिवस असेल तर एका थराला एक पूर्ण दिवस धरा आणि आठवडाभर आधी सुरुवात करा.

फुगा काढताना घाई नको. बाहेरून कोरडं लागलं तरी आत ओल असते, आणि तेव्हा फुगा फोडला तर तो आक्रसताना आतला थर ओढून घेतो आणि अख्खा गोळा एका बाजूने बसतो. बोटाने टिचकी मारून बघा, टणक आणि पोकळ आवाज आला पाहिजे, दबका आला तर अजून एक रात्र थांबा. मग गाठीजवळच्या सैल भागात सुईने भोक पाडा, हवा हळूहळू जाते आणि फुगा अलगद सुटा होतो.

हा गोळा मारून फोडायचा नाहीये. खवले मांजर हा जगात सगळ्यात जास्त तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांपैकी एक आहे, मुख्यतः त्याच्या खवल्यांसाठी आणि मांसासाठी त्याची शिकार होते, आणि मुलांच्या हातात काठी देऊन तोच प्राणी बडवायला लावणं मला पटत नाही. त्यापेक्षा दोरी ओढून पोट उघडायचं. गाठीची जागा वर धरा आणि बरोबर खाली १० बाय १० सेंटिमीटरचं दार कटरने तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरी. दाराच्या मोकळ्या कडेजवळ भोक पाडून रिबीन ओवा आणि आतल्या बाजूने एका बटणाला बांधा, बटण नसेल तर रिबीन ओढल्यावर कागद फाडून नुसतीच हातात येते. वर टांगायच्या दोरीलाही तसंच, पुठ्ठ्याच्या एका चकतीला दोरी बांधा, चकती दारातून आत घाला आणि दोरी गाठीच्या जागेतून वर काढा म्हणजे वजन चकतीवर येतं. खाऊ दारातूनच भरा, तीनशे-चारशे ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि दार मास्किंग टेपच्या दोन छोट्या पट्ट्यांनी बंद करा. टेप जास्त लावली तर उघडत नाही, कमी लावली तर औक्षणाच्या आधीच सगळा खाऊ खाली, म्हणून भरून झाल्यावर अर्धा तास टांगून ठेवून बघा. जेवढी मुलं येणार तेवढ्या रिबिनी लावा, खरी दाराला बांधलेली एकच, बाकीच्या नुसत्या टेपने हलक्या चिकटवलेल्या. एकेकाने एकेक ओढायची. खरी कुठली ते तुम्हाला माहीत असतं, ती ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी शेवटपर्यंत राखून ठेवा.

आणि आता खूण, म्हणजे खवले. तपकिरी कार्डशीटचे ७ बाय ६ सेंटिमीटरचे तुकडे करा, एका ए-फोरमध्ये बारा बसतात, आणि एका टोकाला कात्रीने गोलाई द्या. या मापाच्या गोळ्याला सव्वाशेच्या आसपास खवले लागतात, म्हणजे अकरा कागद. चार-चार कागद एकावर एक ठेवून कापले तर काम पटकन होतं. सगळे एकाच रंगाचे घेऊ नका, घरात साठलेल्या लग्नपत्रिका आणि मिठाईच्या बॉक्सची आतली तपकिरी बाजू यांचे मध्ये मध्ये घाला, खऱ्या खवल्यांनाही अशीच गडद-फिकट छटा असते. लावायची सुरुवात खालून, दाराच्या कडेपासून, गोलाईचं टोक खाली ठेवून, फेविकॉल फक्त वरच्या अर्ध्या भागाला. मग वरची ओळ खालच्या ओळीवर अर्धी चढवत, दोन खवल्यांच्या फटीवर तिसरा, अगदी कौलं शाकारतात तसं. वरून सुरुवात केली तर पुढची प्रत्येक ओळ आधीच्या खाली सारावी लागते आणि गोंदाचे हात सगळीकडे लागतात. दारावर खवले लावू नका, पोटाला खरंच खवले नसतात. शेवटी पुठ्ठ्याची एक रुंद पट्टी, एका टोकाला निमुळती, तिच्यावरही खवले लावून गोळ्यावर तिरकी गुंडाळा ही शेपटी, आणि शेपटीखालून डोकावणारं एक छोटं टोकदार तोंड, कागदाचा कोन पुरतो. डोळा म्हणजे काळा ठिपका. झालं.

शेकरू त्यामानाने एका संध्याकाळचं काम आहे. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तरी पाहिलेला फार कमी जणांनी, म्हणून ते पडद्याच्या रॉडवर बसवा म्हणजे सगळ्यांची नजर वर जाते. खरं शेकरू शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास असतं आणि त्यात शेपटीच अंगापेक्षा लांब, म्हणून ते खऱ्या मापातच करा, अंगाला एक फूट आणि शेपटीला दोन फूट. अंग पुठ्ठ्याचं सपाट, वर मातकट लाल-तपकिरी, पोट आणि पुढचे पाय फिकट पिवळसर, कानावर केसांचे झुबके. शेपटीसाठी पेपरची घट्ट सुरळी करा, आत एक तार घाला म्हणजे नंतर वाकवता येते. क्रेप पेपरच्या ८ सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या काढा, एका कडेने अर्ध्याच्या पुढे बारीक बारीक काप द्या आणि न कापलेल्या कडेला गोंद लावून टोकाकडून सुरुवात करत सुरळीवर गोल गोल गुंडाळत या. क्रेपवर बारीक सुरकुत्या असतात त्यांच्या दिशेनेच काप द्यायचे, आडवे दिले तर झालर ताठ न राहता लोंबते. टोकाकडच्या एक-तृतीयांश भागाला फिकट क्रेप वापरा. गुंडाळून झालं की शेपटी दोन्ही तळहातांत धरून जराशी कुस्करा, ती एकदम फुलते. हा कुस्करण्याचा मान वाढदिवस असलेल्या मुलाला.

बिबट्या म्हणजे पताका आणि भेंडी. हो, भेंडीच. शाळेत भेंडीचे ठसे सगळ्यांनीच केलेत, आडवी कापलेली भेंडी काळ्या रंगात बुडवून पिवळ्या कागदावर ठेवली की पाच कोनांची पोकळ कडी उमटते, आणि बिबट्याच्या अंगावरचे ठिपके असेच असतात, भरीव नाही, मध्ये पोकळ आणि कडेला तुटक काळे. भरीव गोल ठिपके काढले की तो चित्ता होतो, आणि आपल्याकडे बिबट्यालाच चित्ता म्हणायची सवय इतकी आहे की मुलांना हा फरक हाताने कळला तर चांगलंच. कडीच्या आत बोटाने थोडा गडद पिवळा टेकवा, अजून खरं वाटतं. भेंडी जून घ्या, कोवळी दाबली की चेपते, आणि कापल्यावर दहा मिनिटं पेपरवर उपडी ठेवा म्हणजे चिकट रस कमी होतो. ठसे आधी अख्ख्या कागदावर मारा, वाळले की ए-फोर अर्धा कापून १४ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच अशा दोन पताका काढा. वरची दोन सेंटिमीटर कड सुतळीवर मागे दुमडून चिकटवा, खालचं टोक त्रिकोणी कापा. दोन पताकांत ६ सेंटिमीटर जागा सोडली की तीन मीटरच्या माळेत पंधरा बसतात, म्हणजे आठ कागद. दर चौथी पताका वाघाची करा, नारिंगीवर काळे पट्टे, पट्टे कडेकडून मध्ये येऊन निमुळते होणारे आणि एकमेकांना न जुळणारे. सरळ समांतर पट्टे मारले तर ते कापडाचं डिझाईन वाटतं, वाघ वाटत नाही.

हत्ती फोटोसाठी. हा एकच मोठा पीस असतो आणि सगळे त्याच्याच शेजारी उभे राहून फोटो काढतात, त्यामुळे उंची मुलांपेक्षा थोडी जास्त पाहिजे, चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी सव्वा मीटर बरोबर. मोठं चित्र काढायची भीती असेल तर चौकटी पाडा. हत्तीचं २५ सेंटिमीटर उंचीचं साधं चित्र घ्या, त्यावर २-२ सेंटिमीटरच्या चौकटी आखा, पुठ्ठ्यावर १०-१० च्या आखा, आणि एकेका चौकटीत जेवढी रेघ आहे तेवढीच उतरवत जा. गणपतीच्या डेकोरेशनला मंडळातली पोरं असंच करतात. हत्ती आपला काढा, दोडामार्गला आणि आजरा-चंदगडकडे येतो तो. आफ्रिकन हत्तीचे कान खांद्यावर पसरलेले प्रचंड असतात, आपल्या हत्तीचे लहान, आणि आपल्या हत्तीच्या कपाळावर दोन उंचवटे असतात. सोंडेच्या टोकाला आपल्याकडे एक बोट, आफ्रिकनला दोन. इंटरनेटवरून टेम्प्लेट उतरवलं तर बरेचदा आफ्रिकन मिळतो, कान बघून घ्या.

पुठ्ठ्याच्या आत लाटा असतात त्या उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्या तर हत्ती कमरेतून वाकतो. कटर एकाच झटक्यात दाबू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेघेवरून फिरवा, खाली जुना पुठ्ठा ठेवा, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. करडा रंग करताना पांढऱ्यात थेंब थेंब काळा घाला, उलटं केलं तर काळ्याला फिकट करता करता पांढऱ्याची बाटली संपते. एकाच बाजूला रंग दिला की पुठ्ठा वाळताना वाकतो, मागच्या बाजूलाही पातळ हात द्या. उभा राहायला मागे काटकोनी त्रिकोणाचा टेकू, हत्तीच्या दोन-तृतीयांश उंचीचा, आणि टेकूच्या पायावर एक-दोन किलो तांदळाची पिशवी. मुलं त्याला मिठी मारणारच, हे धरूनच चाला.

फुलपाखरांना फार वेळ लागत नाही. ब्लू मॉर्मन, आपल्याकडे २०१५ पासून राज्य फुलपाखरू, पसरलेल्या पंखांचं माप १२ ते १५ सेंटिमीटर, तेवढंच करा. काळी कार्डशीट मधोमध दुमडून एका बाजूचे पंख कापा, उलगडा, पंखांवर निळसर रंग स्पंजने टेकवा आणि खालच्या पंखांवर त्या निळ्यात काळे ठिपके. प्रत्येक पाहुण्या मुलासाठी एक करून मागे पांढऱ्या पेनाने नाव लिहा आणि तंगूसने वेगवेगळ्या उंचीवर टांगा, जाताना आपापलं घेऊन जातात, वेगळ्या रिटर्न गिफ्टची गरजच राहत नाही.

लावताना काही गोष्टी पक्क्या पाळा. सीलिंग फॅनला काहीही बांधायचं नाही, कुणीतरी सवयीने बटण दाबतंच. माळा खिडकीच्या ग्रिलपासून पडद्याच्या रॉडपर्यंत ताणा, भिंतीवर मास्किंग टेपच, डबल साइड टेपने डिस्टेंपरचा पापुद्रा निघतो. टाचण्या मुलांच्या हाताच्या उंचीला नकोत. पाहुण्यांत तीन वर्षांच्या आतली बाळं असतील तर चिकटवायचे हलते डोळे वापरू नका, सुटले की तोंडात जातात, काळ्या रंगाचे रंगवलेले डोळे चांगले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे औक्षण. निरांजन, केकवरची मेणबत्ती, वर लोंबणारी क्रेपची झालर आणि कडेला गर्दी हे एकत्र येऊ द्यायचं नाही, क्रेप क्षणात पेटतो. पाट आणि केकचं टेबल कुठे असणार ते आधी ठरवा आणि त्याच्या वर-बाजूला हात पसरून पोचेल एवढ्या अंतरात कागद ठेवू नका. लायटिंग लावायचं तर एलईडीचंच.

दहा बाय बाराच्या हॉलला एक हत्ती, एक खवले मांजर, एक शेकरू, दोन माळा आणि फुलपाखरं बास. अजून काहीतरी करावं असं आदल्या रात्री वाटतं, तेव्हा करू नका, झोपा. आदल्या दिवशी फक्त टांगण्याचं काम शिल्लक असलं पाहिजे आणि खाऊ तर त्याच दिवशी सकाळी भरायचा, रात्री भरला तर मुंग्या लागतात.

पार्टीनंतर माळा गुंडाळून आणि शेकरू पेपरमध्ये बांधून माळ्यावर ठेवता येतं, पुढच्या भावंडाच्या वाढदिवसाला परत निघतं. हत्तीचा टेकू सोडवला की तो कपाटामागे उभा राहतो. खवले मांजर मात्र ठेवू नका, मैद्याच्या खळीला झुरळं आणि कसर लागते. मुलाला फार जड गेलं तर खवले लावलेली शेपटी तेवढी कापून त्याच्या खोलीच्या दारावर लावा, तिला फक्त फेविकॉल आहे.